स्कीची जोडी, वाढत्या अंगाची

सिअॅटलजवळच्या आमच्या रेडमंडला नोव्हेंबरचा पाऊस लागला की गावात दोन तट पडतात. एक तट खिडकीतून बाहेर बघत कुरकुर करतो, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घेतो आणि एप्रिलची वाट बघतो. दुसरा तट फोनवर डोंगरातलं तापमान बघतो. खाली आमच्या पन्हळीतून जे पाणी वाहत असतं, तेच वर कॅस्केडच्या डोंगरांत बर्फ होऊन पडत असतं, गाडीने जेमतेम सव्वा तासावर. पहिली आठ वर्षं आम्ही कुरकुरणाऱ्यांत होतो. मग आमची जुई स्की करायला लागली आणि आम्ही पक्ष बदलला. पाऊस लागला की माझी बायको मेधा शुक्रवारी दशम्यांचं पीठ भिजवायची आणि मी टायरच्या साखळ्या डिकीत टाकायचो. यंदा पाऊस लागून तीन आठवडे झाले. मी तापमान बघितलेलं नाही. पडतोय, पडू दे.

गराजच्या भिंतीवर जुईची स्कीची जोडी टांगलेली आहे. तिच्या तळाला पिवळट मेणाचा जाड थर आहे. हंगाम संपला की असं करायचं असतं. तळ स्वच्छ करून गरम इस्त्रीवर मेण वितळवत त्यावर सोडायचं आणि उन्हाळाभर तसंच राहू द्यायचं, म्हणजे तळ कोरडा पडत नाही. पहिला बर्फ झाला की ते प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं. मे महिन्यात जुईनेच ते लावलं. एका ठिकाणी तिच्या अंगठ्याचा ठसा आहे. मेण निवलं की नाही, ते तिने दाबून बघितलं असणार. "तू हात लावू नकोस हं, बाबा," ती म्हणाली होती. "मी आल्यावर मीच खरवडणार."

जूनमध्ये ती दोन आठवड्यांसाठी पुण्याला गेली. परत यायचा व्हिसा तिला मिळाला नाही. ती अजून तिकडेच आहे.

या जोडीकडे बघितलं की मला मात्र जून आठवत नाही. सात वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. जुई चौदा वर्षांची होती आणि मी तिच्यासाठी स्की निवडत होतो.

वस्तू निवडायची आमच्या घराण्याची एक पद्धत आहे. मी अकोल्याचा. शाळेचे बूट जूनमध्ये घेतले जायचे आणि ते नेहमी एक नंबर मोठे. दुकानदार अंगठ्याने टोक दाबून बघायचा आणि शंकेने वर बघायचा. वडील म्हणायचे, "असू द्या, वाढतं अंग आहे." मग टोकात कापसाचे बोळे कोंबायचे, दरवर्षी एक बोळा कमी करायचा. बोळे संपेपर्यंत बूट फाटलेले असायचे. हाफपँटीला आत चार बोटं दुमड असायची, ती उसवली की जुन्या घडीची गडद रेघ मांडीवर दिसत राहायची. त्या वयात बेताच्या मापाचं असं काही माझ्या अंगावर होतं, असं मला आठवत नाही. दुसरा नियम, वस्तू दोन कामांना आली पाहिजे. शाळेलाही चालेल आणि लग्नालाही चालेल असा शर्ट. तो शाळेत झकपक वाटायचा आणि लग्नात दरिद्री, पण चालायचा. 'चालतंय' हा आमच्या घरातला सर्वांत वरचा शेरा होता.

हे सगळं मी विमानातून बरोबर घेऊन आलो, आणि वर सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे त्याची एक्सेल शीट केली.

जुईला हवं होतं ते फार साधं होतं. स्कीच्या डोंगरावर एका बाजूला पार्क असतो. पार्क म्हणजे बर्फाचे मुद्दाम रचलेले उंचवटे आणि बर्फात रोवलेले लोखंडी पाइप. मुलं त्या पाइपांवरून घसरत जातात, उंचवट्यावरून उडून हवेत गिरकी घेतात आणि पुष्कळदा पाठमोरी खाली उतरतात. त्यासाठी स्की दोन्ही टोकांना वर वळलेली लागते, थोडी मऊ लागते आणि आखूड लागते. उभी धरली की नाकापर्यंत यावी एवढीच. जुई तीन वर्षं भाड्याच्या स्कीवर शिकली होती. आता तिला स्वतःची जोडी हवी होती, पार्कची.

मला प्रश्न पडायला लागले. ताजा बर्फ फूटभर पडला तर? आखूड आणि अरुंद स्की त्यात बुडते. आणि आमच्याकडचा बर्फ तरी धड कुठे एका जातीचा असतो? सकाळी काचेसारखा कडक, दुपारी ओल्या सिमेंटसारखा जड, मार्चमध्ये नुसता गोळेवाल्याचा चुरा. कडक बर्फाला अरुंद कंबर, म्हणजे स्कीचा मधला भाग, हवी, ताज्याला रुंद हवी. पार्कला मऊ हवी, वेगाला ताठ हवी. मी शीटमध्ये बत्तीस ओळी भरल्या. कंबर, लांबी, वजन, ताठपणा, टोकांचं वळण, प्रत्येकाला गुण. दोन आठवडे मी जेवतानासुद्धा स्कीच्या कंबरेबद्दल बोलत होतो. मेधा म्हणाली, "माझ्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीस रे."

दुकानात ग्लेन नावाचा एक म्हातारा होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने जुईला विचारलं, "तू कुठे स्की करतेस?" ती म्हणाली, "पार्क." त्याने मागून एक जोडी आणून तिच्यासमोर उभी केली. बरोबर नाकापर्यंत आली. जुईने ती दोन्ही हातांनी धरली आणि तिचा चेहरा असा काही झाला, की तिथेच पैसे देऊन निघायला हवं होतं.

मी शीट काढली. माझ्या पहिल्या नंबरची जोडी भिंतीवर होती. मध्यम कंबर, मध्यम ताठ, टोकं दोन्हीकडे वळलेली. मी विचारलं, "ही सगळीकडे चालते ना?"

"चालते," ग्लेन म्हणाला. "पण मजा कुठेच फार येत नाही."

मला त्यातला पहिला शब्द पुरेसा होता.

"बट आय ओन्ली स्की पार्क, बाबा," जुई म्हणाली. "मी पार्कातच असणार आहे."

"आज पार्कात आहेस. उद्या वर जावंसं वाटलं तर?"

"व्हाय डझ एव्हरीथिंग हॅव टू डू एव्हरीथिंग?"

प्रत्येक वस्तूने सगळंच का करायला हवं? मी लांबीकडे वळलो. म्हटलं, एक माप मोठं द्या, शी विल ग्रो. ग्लेनने जुईकडे बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या मेधाकडे, म्हणजे पाच फुटांच्या तिच्या आईकडे बघितलं. मग बिल करायला घेतलं.

जुई वाढली नाही. चौदाव्या वर्षी होती तेवढीच राहिली. ती जोडी आजही तिच्या डोक्यावर चार बोटं उरते.

तरीही काय हंगाम होता तो! मला वाटतं माझ्या आयुष्यात मी तेवढा एकच हिवाळा खरा जगलो. सहाला निघायचं. वायपर चालू, काचेवर वाफ, मागच्या सीटवर जुई आपले हातमोजे हीटरच्या झोतावर धरून बसलेली. वर चढता चढता पावसाचा आवाज हळूहळू कमी होत जायचा आणि एका वळणानंतर अजिबात बंद व्हायचा. कारण आता बर्फ पडत असायचा, आणि बर्फाला आवाज नसतो. त्या वळणावर आम्ही तिघंही बोलायचं थांबायचो. पार्किंगमध्ये डिकी उघडी टाकून दशम्या आणि लसणाची चटणी. शेजारच्या गाडीतले लोक वास घेऊन बघायचे, जुई आधी लाजायची आणि मग तिच्या मैत्रिणी तिच्याआधी डबा संपवायच्या. रविवारची मराठी शाळा बुडायची. तिथे शिकवणाऱ्या कुलकर्णी काकूंनी एकदा तिला विचारलं, "काय गं, अलीकडे दर्शन नाही तुझं?" ती म्हणाली, "काकू, आय वॉज अप देअर," आणि बोट वर केलं. काकूंना क्षणभर भलतीच काळजी वाटली.

मी स्की करत नाही. मी पार्कच्या खाली कुंपणाशी उभा राहायचो, हातात थर्मास घेऊन. वरून लाल जॅकेट निघायचं. स्की तिला जड होती, लांब होती, गिरकी घेताना तिचं टोक मागे राहायचं. बाकीच्या मुली पूर्ण फिरायच्या तिथे जुई पाऊण फिरायची आणि उरलेलं पाव अंगाने ओढून आणायची. मला ते कळत होतं. मी स्वतःला सांगायचो, पुढच्या वर्षी उंची वाढेल.

फेब्रुवारीत पाइपावर तिच्या स्कीची कड अडकली आणि ती हनुवटीवर आपटली. तीन टाके पडले. पार्कची मुलं पायाखालची धातूची कड कानशीने बोथट करून घेतात, म्हणजे ती पाइपात अडकत नाही. जुईने नोव्हेंबरातच मागितलं होतं. मी नको म्हटलं होतं, कारण कड बोथट केली तर कडक बर्फावर घसरशील. दोन्हीकडे चालली पाहिजे ना! टाके घालताना तिने माझा हात धरला होता, पण माझ्याकडे बघत नव्हती. एप्रिलमध्ये मी जोडी पुसायला घेतली, तेव्हा पायाखालची कड गुळगुळीत लागली. माझीच कानस घेऊन तिने कधीतरी घासली होती. मी म्हटलं, "आता बर्फावर घसरशील." ती म्हणाली, "आय नो." त्या दोन शब्दांत निवड कशी करायची हे सगळं होतं, पण मला ते त्या मुलीकडून शिकायचं सुचलं नाही.

सोळाव्या वर्षी डोंगरावरच्या शाळेने तिला लहान मुलांना शिकवायला बोलावलं. तिच्या मैत्रिणी लागल्या. तिला जाता आलं नाही, आमच्या व्हिसावर मुलांना काम करायची परवानगी नसते. ती एक हिवाळाभर कुंपणाशी माझ्या शेजारी उभी राहून मैत्रिणींच्या मागे बदकांसारखी चालणारी पोरं बघायची. मी तिला चहा द्यायचो.

आता ते दुसरं सांगायला हवं. आम्ही इथे आलो तेव्हा जुई तीन वर्षांची होती आणि पाच वर्षांत परत जायचं असं ठरलेलं होतं. आपल्यातल्या प्रत्येकाचं ठरलेलं असतं. परत जायचंय म्हणून ग्रीन कार्डाचा अर्ज केला नाही, आणि कदाचित राहू म्हणून परत गेलो नाही. पुण्यात फ्लॅट बुक केला, इथे भाड्याने राहिलो. दोन्ही टोकं वर वळलेली ठेवली. अर्ज केला तेव्हा जुई दहा वर्षांची झाली होती. मला वाटलं, भरपूर वेळ आहे. आपल्या लोकांची रांग केवढी आहे हे मला आकड्यांत माहीत होतं, पण रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे वाढदिवस होत असतात हे मी धरलंच नव्हतं. मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईबापांच्या अर्जातून गळतं आणि त्यांच्या व्हिसातूनही गळतं. उंची पाच फुटांवर थांबली, वय थांबलं नाही. तिच्या वाढण्याची वाट बघत मी प्रत्येक गोष्ट घेतली, आणि शेवटी वाढण्यानेच तिला घराबाहेर काढलं.

या वर्षी जुलैत तिला एकवीस पूर्ण होणार होती. ती सिअॅटलला तिसऱ्या वर्षात होती. वकीलबाईंनी दोन रस्ते सांगितले. इथेच राहून विद्यार्थी व्हिसासाठी बदल मागायचा. ते जवळजवळ नक्की होतं, पण मग देशाबाहेर पाऊल टाकता येणार नाही. किंवा भारतात जाऊन पासपोर्टवर त्या व्हिसाचा शिक्का घ्यायचा. मग जाण्यायेण्याची मोकळीक.

तुम्हाला कळलंच असेल मी काय निवडलं. शिवाय जूनमध्ये पुण्याला मेधाच्या भावाकडे, श्रीधरकडे, लग्न होतं. जुईच्या मामेभावाचं. लग्नही होईल, शिक्काही होईल, एका दगडात दोन पक्षी. आपल्याकडे असंच करतात. शिक्क्याची तारीख लग्नाच्या तिथीला जोडून घेतात.

"पण मला कुठे जायचंच नाहीये, बाबा," जुई म्हणाली होती. जेवणाच्या टेबलाशी, कोशिंबीर वाढून घेता घेता. "मी इथेच असणार आहे."

"आज नाही जायचं. उद्या जावंसं वाटलं तर?"

मी हे वाक्य तेव्हा पहिल्यांदाच बोलत असल्यासारखा बोललो. तिच्या मात्र लक्षात आलं असणार, कारण ती थांबली, माझ्याकडे बघितलं, हनुवटीखालचा तो पांढरा व्रण एकदा चोळला आणि म्हणाली, "ओके."

लग्न छान झालं. फोटोत ती पैठणी नेसली आहे, मामीची, आणि निऱ्या कमरेशी खूप खोचल्या आहेत, कारण पाच फुटांच्या मुलीला साडीचा पन्हाही जास्तच होतो.

अमेरिकन वकिलातीच्या खिडकीतल्या माणसाने तिला चार मिनिटं दिली. आईवडील कुठे असतात? अमेरिकेत. किती वर्षं? अठरा. शिक्षण संपल्यावर परत कुठे जाणार? तिथे जुई गप्प झाली. विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर 'भारतात' म्हणायचं असतं. सगळी मुलं म्हणतात. मी तिला पासपोर्टचे फोटो कोणत्या पाकिटात आहेत ते तीन वेळा सांगितलं, आणि हे सांगायचं विसरलो. संध्याकाळी फोनवर ती मला म्हणाली, "बाबा, परत म्हणजे कुठे, हेच मला कळेना." सप्टेंबरमध्ये ती दुसऱ्यांदा गेली, पढवलेलं उत्तर घेऊन. या वेळी तीन मिनिटं, आणि पुन्हा नकार. विद्यापीठाने जागा जानेवारीपर्यंत धरून ठेवली आहे. वकीलबाई आता फोन लगेच उचलत नाहीत.

ती मामाकडे राहते. हॉलमधल्या दिवाणावर झोपते. नवी सून आणि ती एका वयाच्या आहेत, दोघी भाजी आणायला जातात. भाजीवाला तिच्या मराठीला हसतो, ती पण हसते म्हणे. आमची सकाळ ती तिची संध्याकाळ. ऑक्टोबरपर्यंत ती रोज डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघायची आणि आम्हाला सांगायची, वरच्या टोकाला पांढरं झालंय, तुम्हाला दिसलं का? आम्ही सव्वा तासावर असून आम्हाला माहीत नसायचं. मग तिने ते सांगणं बंद केलं. मी विचारलंही नाही. मुलगी दुःखात आहे की दुःख संपवून बसली आहे हे फोनवरून ओळखता येत नाही, आणि मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते.

गेल्या शनिवारी मेधा आंघोळीला गेलेली असताना जुईचा फोन आला.

"बाबा, माझ्या स्की कुणाला तरी देऊन टाक."

"अगं, जानेवारीत..."

"बाबा." मागून पुण्यातल्या रिक्षांचा आवाज येत होता. "वापरल्या नाहीत तर खराब होतात त्या. आत्ता ज्या मुलीला होतील तिला दे. प्लीज डोन्ट गिव्ह देम टू समवन हू हॅज टू ग्रो इन्टू देम."

"बरं."

"आणि आईला तू सांग. मला नाही जमणार."

मलाही जमलं नाही. आठवडाभर मी मेधाशी डिशवॉशरबद्दल बोललो, पन्हळीतल्या पाल्याबद्दल बोललो. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणाची तरी साडेपाच फुटांची मुलगी सापडली, पार्कवालीच. तिचे वडील आज दुपारी येतो म्हणाले. म्हणून सकाळी चहा झाल्यावर मी गराजमध्ये गेलो, जोडी खाली काढली, एक स्की टेबलावर उलटी आवळली आणि पट्टीने मेण खरवडायला घेतलं.

ते सोपं असतं. पट्टी थोडी कलती धरून टोकाकडून शेपटीकडे ओढायची. मेणाचे पिवळे कुरळे तुकडे निघतात आणि बुटांवर पडतात. खाली काळा तळ निघाला, ओलसर चमकणारा, अगदी निरोगी. तिने काम चोख केलं होतं. मी मुद्दाम ठसा नसलेली स्की आधी घेतली होती. ती संपली. दुसरी आवळली, पट्टी हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. बाहेर पाऊस पडत होता.

मेधा कपडे वाळवायच्या यंत्राशी आली आणि जमिनीवरचे मेणाचे तुकडे बघून थबकली.

"हे काय करतोयस? ती आल्यावर खरवडणार आहे ना?"

"तिनेच सांगितलंय," मी म्हणालो. "देऊन टाक म्हणाली."

"कधी?"

"गेल्या शनिवारी."

मेधा रडली नाही. ओरडलीही नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. हातातली बादली खाली ठेवून ती टेबलापाशी आली आणि स्कीवरून हात फिरवायला लागली. मग तिला तो ठसा दिसला. तिला तो माहीत नव्हता. तिने वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपला अंगठा त्यावर ठेवला. तंतोतंत बसला, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, अंगठा दाबून. हे मेण मऊ जातीचं आहे, अंगाची ऊब लागली की ते मऊ पडायला लागतं आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. मला ते ठाऊक होतं. मी तिला सांगितलं नाही.